गरजू माणसाचे पांढरे बूट

दारुड्याला आपल्याकडे माफी असते. पत्ते कुटणाऱ्याला असते. पोरीच्या लग्नात ऐपतीबाहेर मांडव घालणाऱ्याला तर वरून शाबासकी मिळते. माफी नसते ती फक्त अंगावर भारी शर्ट घालणाऱ्या साध्या कामगाराला. हे मला आमच्या कंपनीच्या बसमधल्या एका माणसामुळं कळलं, आणि कळायला मी इतका वेळ लावला की तोवर त्याचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

बस सकाळी सहाला हर्सूलहून निघायची आणि शहरातून माणसं गोळा करत वाळूजच्या एमआयडीसीत पोचायची. आम्ही चाळीसेक जण. सगळ्यांचा अवतार एकच. अंगात झोपताना घातलेला टी-शर्ट, गुडघ्यावर चकाकणारी पँट, पायात चप्पल. कंपनीत गेल्यावर राखाडी युनिफॉर्म चढवायचाच असतो, मग बसपुरतं नटायचं कशाला? आणि हा दुसऱ्या स्टॉपवर उभा असायचा काळ्या शर्टात. त्या शर्टाच्या पाठीवर सोनेरी वाघ तोंड वासून बसलेला. कमरेच्या पट्ट्याचं बक्कल बशीएवढं, त्यावर भलंमोठं इंग्रजी अक्षर. पायात पांढरेशुभ्र बूट, जाड तळव्यांचे. डोळ्यांवर गॉगल, तोही सूर्य उगवायच्या आधी. बसमध्ये चढला की मागच्या सीटवरून कोणीतरी विचारायचंच, शोरूम उघडलं का म्हणून. तेच नाव पडलं, शोरूम.

पाऊण तासाच्या प्रवासानंतर हा लॉकरपाशी जायचा, घरून आणलेल्या हँगरला शर्ट लावायचा आणि युनिफॉर्म घालून आठ तास पेंट शॉपमध्ये, म्हणजे रंगकामाच्या विभागात, उभा राहायचा. तिथं त्याच्या नजरेला तोड नव्हती. रंगाचा ओघळ आम्हाला दिव्याखाली धरूनही दिसायचा नाही, त्याला चालता चालता दिसायचा. शिफ्ट सुटली की हात, तोंड, मान साबणानं घासून पुन्हा वाघ पाठीवर घ्यायचा आणि घरी जायचा. म्हणजे एवढा थाट बसच्या दोन फेऱ्यांसाठी. मी एकदा विचारलं की अरे, बसमध्ये आमच्याशिवाय बघायला आहे कोण?

"तुम्ही काय कमी हायेत का, भाऊ?" तो म्हणाला.

मला वाटलं चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. त्याचं खरोखर असं मत होतं की आपण दिवसातून दोनदा चाळीस माणसांच्या नजरेस पडतो, तर त्या माणसांना बघायला काही तरी बरं मिळालं पाहिजे. आमच्याकडेही तो तसाच बघायचा. एका म्हाताऱ्या फिटरच्या शर्टाची कॉलर उलटून शिवलेली होती. ती यानं ओळखली आणि शिवण एवढी सरळ कोणी घातली म्हणून भर बसमध्ये कौतुकानं विचारलं. फिटर बिचारा कानापर्यंत लाल झाला. त्याला वाटलं आपली गरिबी काढतोय. यानं तर शिवणीची तारीफ केली होती, पण वाघवाल्यानं केलेली तारीफ कोणाला तारीफ वाटणार?

बसमध्ये तो सहसा बसत नसे, कारण सीटांना वंगणाचे डाग असत. रुमालानं दांडी धरून उभा राही. याचा आम्ही अर्थ काय काढला, तर आमच्या शेजारी बसायला याला कमीपणा वाटतो. आणि कपड्यांचं म्हणाल तर त्यावर बसमध्ये रोज नवीन संशोधन चालायचं. एक गट म्हणायचा, सगळा डुप्लिकेट माल आहे, औरंगपुऱ्यात ढिगात मिळतो. दुसरा म्हणायचा, खरा आहे, म्हणजेच माणूस लांड्यालबाड्या करतो. कोणी म्हणे याची जमीन रस्त्यात गेली, मोबदला आला. कोणी म्हणे मेहुणा दुबईला आहे. माझाही त्यात हातभार असायचा, खोटं कशाला बोलू. गंमत बघा, माल खोटा निघाला तर हा फसवा, आणि खरा निघाला तर चोर. तिसरा रस्ताच आम्ही ठेवला नव्हता.

खरं फार साधं होतं. जालना रोडवरच्या मॉलमध्ये सेल लागला की तो वर्ष-दोन वर्षांतून एक वस्तू घ्यायचा. एकच. ना तंबाखू, ना दारू, ना मोटरसायकल. डब्यात ज्वारीची भाकरी आणि कोरडी चटणी. फोन असा की बोलताना दोन बोटांनी मागचं झाकण दाबून धरावं लागे. अकरा वर्षांत त्याच्या सगळ्या मिळून सहा चांगल्या वस्तू पाहिल्या असतील मी, त्याच तो आलटून पालटून घालायचा. आमच्यातला प्रत्येक जण तेवढ्या काळात गुटख्याच्या कितीतरी पुड्या थुंकून बसला होता, पण उधळ्या तो.

एकदा एक जण पिऊन कामावर आला, आणि सुपरवायझरला दिसू नये म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला लपवलं, लिंबू चोखायला दिलं, संध्याकाळी घरी पोचवलं. शोरूमही मदतीला होता. परतताना मला म्हणाला, "मी दारू पेलो असतो तं तुम्ही मलाबी असंच उचलून घरी नेलं असतं. शर्ट घालतो तेवढं मात्र चालत नाय." मी हसलो. मला ते हसण्यासारखंच वाटलं तेव्हा.

आता बसची गोष्ट सांगतो, कारण पुढं सगळं तिच्यावर गेलं. एकदा बस छावणीच्या अलीकडे बंद पडली. ड्रायव्हर म्हणाला, धक्का मारा. आम्ही खाली उतरलो. यानं आधी शर्टाची बटनं काढली, वाघ आत राहील अशी नीट घडी घातली, ती माझ्या हातात दिली, आणि बनियनवर बसच्या मागच्या काचेखाली खांदा लावला. बस सुरू होईपर्यंत त्यानं खांदा काढला नाही. पाठ काळी झाली होती त्याची धुरानं. निम्मे लोक तोवर टपरीवर पुड्या फाडत होते. आणि मी? मी शर्ट सांभाळत उभा होतो. हातात शर्ट असल्यामुळं मला धक्का मारावा लागला नाही, याचं मला बरंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून कंपनीभर काय पसरलं असेल? बस ढकलायच्या वेळी शोरूमनं शर्ट काढून ठेवला. बस्स, एवढंच. ढकलल्याचा भाग वाटेत कुठंतरी गळून गेला. मी दुरुस्त करू शकलो असतो, पण गोष्ट अशीच जास्त रंगत होती.

हा माणूस कंत्राटी होता. वाळूजमध्ये त्याचा अर्थ असा की सात महिने काम केलं की ब्रेक. मग कंत्राटदाराला वाटेल तेवढे दिवस घरी बसायचं आणि त्यानं बोलावलं की नव्यानं लागायचं, जसं काही याआधी कधी या गेटमधून आतच गेला नव्हता. अकरा वर्षं तो असा लागत आणि सुटत होता. पर्मनंट व्हायला चाळिशीची अट होती आणि तो एकोणचाळीस पूर्ण करत होता. म्हणजे यंदा झाला तर झाला, नाहीतर कंत्राटदारसुद्धा फार दिवस बोलावणार नाही, कारण त्याला तरणी पोरं पाहिजे असतात.

आमच्या युनियननं कंपनीशी करार केला होता की दरवर्षी थोडे कंत्राटी पर्मनंट करायचे आणि त्यात आधी गरजूंना घ्यायचं. कामाची परीक्षा कंपनी घेणार, आणि शेवटचा इंटरव्ह्यू कंपनीचा साहेब आणि युनियनची दोन माणसं मिळून घेणार. आधी गरजूंना हे कलम आम्ही भांडून मिळवलं होतं. मला त्याचा अभिमान होता. त्या वर्षी युनियनच्या दोन माणसांपैकी एक आमचे अध्यक्ष होते आणि दुसरा मी.

आता या कलमातून एक रीत जन्माला आली होती, तीही सांगितली पाहिजे. लॉकर रूममध्ये एक शर्ट होता. निळ्या चौकडीचा, कॉलर झिजलेला, खांद्यावर विटलेला, तिसरं बटन गेलेलं. ज्याचा इंटरव्ह्यू असेल त्यानं तो घालायचा. दाढी दोन दिवसांची ठेवायची, घड्याळ काढायचं, चप्पल अंगठा तुटलेली बघायची. त्या शर्टानं आठ जण पर्मनंट केले होते आणि त्यातला एक मी. घरी माझ्याकडे यापेक्षा बरे चार शर्ट होते. मी ते घडी करून ठेवले आणि साहेबासमोर हा घालून खाली मान घालून बसलो. साहेबाला वाटलं गरजू. सगळ्या कंपनीला ठाऊक होतं, अध्यक्षांना ठाऊक होतं, आणि कोणाला त्यात लाज वाटत नव्हती.

इंटरव्ह्यूच्या दोन दिवस आधी मी तो शर्ट पिशवीत घालून त्याच्याकडे दिला. यात माझी आपुलकी होती, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहू द्या. त्यानं शर्ट बाहेर काढला, बाहीचं कापड चिमटीत धरून उजेडाकडे केलं.

"कापड लई चांगलं व्हतं याचं," तो म्हणाला. "कुणीतरी हौसेनं घेतलं असंल."

मी म्हणालो, हौसेचं सोड, फक्त तासाभराचा प्रश्न आहे.

"भाऊ, मी गरीब हाये. व्हय, हाये. पण गरिबाचं सोंग कसं घेऊ? ते मला पर्मनंट करणार का या शर्टाला?"

मी चिडलो. त्याला म्हणालो की घरात पोरगी दहावीला आहे, बायको साड्यांना फॉल-पिको करून डोळे फोडतेय आणि तुला अक्कड सुचतेय. पिशवी त्याच्या हातात कोंबून मी निघून आलो. मला मनापासून वाटलं होतं की याचा माजच याला बुडवणार.

इंटरव्ह्यूला तो आला काळ्या शर्टात, वाघासकट. पट्टा, पांढरे बूट, केस पाणी लावून बसवलेले. साहेब त्याच्या बकलाकडे बघूनच प्रश्न विचारत होते. घर कोणाचं? भाड्याचं, पत्र्याच्या दोन खोल्या. कमावतं कोण? मी आणि बायको. कर्ज? नाही. प्रत्येक उत्तराला साहेबांच्या भुवया वर जात होत्या. तो खरं बोलत होता आणि ते एकूण एक खोटं ठरत होतं. कामाच्या परीक्षेत तो पहिल्या नंबरानं पास झालेला होता, तो कागद टेबलावर तसाच पडून होता.

तो बाहेर गेल्यावर साहेब म्हणाले, काम उत्तम आहे, पण माणूस स्वतःपुरतं बघणारा वाटतो. चार माणसांत मिसळून काम करणारा वाटत नाही. अध्यक्ष म्हणाले, बरोबर आहे साहेब, बसला धक्का द्यायच्या वेळीसुद्धा यानं शर्ट काढून ठेवला होता. आणि मी तिथंच बसलो होतो. ज्याच्या हातात तो शर्ट होता तो मी, त्या टेबलाशी, त्या खुर्चीवर. मी पुढच्याचा अर्ज चाळत राहिलो.

मग साहेबांनी मलाच विचारलं, तुमच्या बसमधला आहे ना, खरंच गरजू आहे का?

दोन शब्द बोलायचे होते. हो आणि साहेब. मला ठाऊक होती त्याची भाकरी, तो दाबून धरायचा फोन, पत्र्याच्या खोल्या. पण दोन दिवसांपूर्वी त्यानं माझा शर्ट नाकारला होता, आणि ज्या सोंगावर मी पर्मनंट झालो त्याला यानं सोंग म्हटलं होतं. ते मला झोंबलं होतं. मी म्हणालो, "साहेब, गरजू माणसाच्या पायात असे बूट असतात का?"

सगळे हसले. अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. साहेबांनी नावापुढे फुली केली आणि पुढच्याला आत बोलावलं.

यादी लागली. त्याचं नाव नव्हतं. माझं वाक्य तोवर बसपर्यंत पोचलं होतं, चांगला विनोद कंपनीत थांबतो थोडाच. परतीच्या बसमध्ये तो नेहमीसारखा रुमालानं दांडी धरून माझ्या सीटशेजारी उभा राहिला. त्यानं निळा शर्ट परत दिला, धुऊन, इस्त्री करून. तिसऱ्या बटनाच्या जागी बटन लावलेलं होतं.

"साहेबाचा शर्ट बघितला का, भाऊ?" त्यानं विचारलं. "मपल्या शर्टाच्याच कंपनीचा व्हता. त्याच्यावर चिन्ह बारीक, माझ्यावर मोठं. तेवढाच फरक."

बुटांबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. मला वाटलं त्याच्या कानावर गेलं नसेल.

पण तो साहेबांच्या शर्टाबद्दल बोलला ते माझ्या डोक्यातून जाईना. खिशावर नखाएवढं चिन्ह असलं की ती आवड, पाठीवर वाघ असला की तो माज. साहेबानं घातलं तर त्याला शोभतं, पेंट शॉपच्या माणसानं घातलं की त्याची चौकशी करावीशी वाटते. आमचे अध्यक्ष वर्षभर पांढऱ्या कडक कपड्यात असतात आणि लोक म्हणतात, काय साधा माणूस आहे. ते कपडे रोज धुवायला, खळ घालायला, इस्त्री करायला घरात एक बाई राबते, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. शाळेच्या भिंतीवर साधी राहणी लिहिणाऱ्यांनी आम्हाला एवढंच शिकवलं की गरिबानं गरीब दिसायचं. तो तसा दिसला की आपल्याला दया करता येते. नाही दिसला की आपण त्याचा राग राग करतो, कारण त्यानं आपली दयाच मागितलेली नसते.

त्याला पुढचा ब्रेक मिळाला आणि कंत्राटदारानं परत बोलावलं नाही. बसच्या दुसऱ्या स्टॉपवर कोणी उभं राहीनासं झालं. लोक दोन दिवस म्हणाले, शोरूम बंद पडलं. मग तेही बंद झालं.

पुढच्या वर्षी मी पुन्हा त्या टेबलाशी होतो. इंटरव्ह्यूच्या आधी एक पोरगा लॉकरपाशी तो निळा शर्ट घालत होता. त्यानं तिसरं बटन बघितलं, पकडलं आणि ओढून तोडलं. म्हणाला, शर्ट जास्तच नीट दिसतोय. अध्यक्ष नंतर इंटरव्ह्यूत माझ्या कानाशी म्हणाले, हा खरा गरजू. मी पाणी पिऊन येतो म्हणून उठलो आणि परत गेलोच नाही. अध्यक्ष अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

त्या रविवारी मी हर्सूलला त्याच्या घरी गेलो. आता तो एका शेडमध्ये लोखंडी कपाटांना रंग मारतो, काम असेल तेव्हा. भिंतीला खिळे मारून तीन हँगर लावलेले होते, त्यांवर जुनी साडी पांघरलेली. बायको मशीनवर होती. उठून तिनं चहा टाकला, मला खुर्ची दिली, तो खाली बसला. पोरगी अकरावीला गेल्याचं त्यानं सांगितलं. चहा माझ्यापुढं ठेवून त्याची बायको तिथंच उभी राहिली.

"भाऊजी, एक इचारू का? तुम्ही त्या कमिटीत व्हते म्हणून इचारते."

तो म्हणाला, कशाला आता ते. ती थांबली नाही.

"त्या दिवशी सकाळी हे तुम्ही दिलेलाच शर्ट घालून निघाले व्हते. पोरीच्या शिक्षणासाठी घालतो म्हणले. मीच दारात आडवी झाले. म्हणलं, काम मागायला चाललेत का भीक? जावा, तुमचा शर्ट घाला. त्यांनी माझं ऐकलं." तिनं पदरानं हात पुसले. "साल झालं, माझा जीव थाऱ्यावर नाय. माझ्यामुळंच गेलं ना त्यांचं काम?"

"तसं काही नाय, किती येळा सांगितलं तिला," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला कळलं की बुटांचं वाक्य त्याच्या कानावर पहिल्याच दिवशी गेलं होतं. वर्षभर बायको स्वतःला खात होती, एक नाव सांगितलं असतं तर तिचा घोर मिटला असता, आणि ते नाव यानं सांगितलं नव्हतं.

मी सांगितलं. वहिनी, तुमच्यामुळं नाही, माझ्यामुळं. साहेबांनी मला विचारलं होतं आणि मी काय म्हणालो ते शब्दाला शब्द सांगितलं. बसची गोष्ट सांगितली, धक्का कोणी मारला आणि उभं कोण राहिलं ते. तो मान खाली घालून जमिनीवरचा रंगाचा एक ठिपका नखानं खरवडत होता.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे कसे हायेत ते तुम्हाला म्हाईत व्हतं ना?"

मी म्हणालो, हो.

तिनं माझ्यापुढचा कप उचलला. मी अजून एक घोटही घेतला नव्हता. तो म्हणाला, अगं, पाहुणे आहेत, पिऊ दे त्यांना. तिनं वळून बघितलं नाही. कप आत नेला, आणि मोरीत चहा ओतल्याचा आवाज मी खुर्चीवर बसून ऐकला.